ठिपक्यांमागचे हात

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात चित्रपट दाखवल्यानंतर केलेले भाषण)



आत्ता आपण डिस्नेचा 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स' पाहिला. १९६१ सालचा चित्रपट. फरच्या कोटासाठी पळवलेली आपली १५ पिल्लं पाँगो आणि पर्डिटा सोडवतात, आणि तिथे सापडलेल्या ८४ परक्या पिल्लांनाही मागे ठेवत नाहीत. मुलांबरोबर जरूर पाहावा. पण पाहताना आपला नेहमीचा प्रश्न विचारूया: इथे काम कोणी केलं, आणि नाव कोणाचं झालं?

मूळ कादंबरी डोडी स्मिथ या लेखिकेची, १९५६ची. तिच्यात पिल्लांच्या आईचं नाव मिसिस. पर्डिटा ही निराळी कुत्री. रस्त्यावर उपाशी सापडलेली, स्वतःची पिल्लं दुरावलेली. १५ पिल्लांना आईचं दूध पुरत नाही, तेव्हा ती त्यांना पाजते आणि घरचीच होते. चित्रपटाने दोघींची एक केली. दूधआईचं नाव आईला मिळालं आणि दूधआई गेली. कादंबरीतल्या क्रुएलाला नवरा आहे, तो फरचा व्यापारी. चित्रपटात तोही नाही. म्हणजे धंदा करणारा पुरुष गेला आणि सिगारेट ओढणारी, मोटार पळवणारी एकटी बाई तेवढी दुष्ट ठरली!

आता पडद्यामागे पाहू. डिस्नेमध्ये पेन्सिलीची चित्रं बहुतेक पुरुष काढत. ती सेल्युलॉइडवर शाईने गिरवणं आणि मागून रंग भरणं हे बायकांचं खातं. सर्जनशील काम तरुण पुरुषच करतात, असं १९३८ साली एका अर्जदार मुलीला स्टुडिओने लेखी कळवलं होतं.

या चित्रपटात पाँगोला ७२ ठिपके, पर्डिटाला ६८, प्रत्येक पिल्लाला ३२. चित्रागणिक ते हाताने गिरवणं फार खर्चाचं होतं. म्हणून अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचं तंत्र या कामासाठी बदलून घेतलं. पेन्सिलीची रेघ थेट सेल्युलॉइडवर उमटू लागली. आपली रेघ जशीच्या तशी पडद्यावर आली म्हणून चित्रकार खूष झाले. शाईने गिरवणाऱ्या अनेकींचं काम मात्र गेलं. ज्यांचा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झाला होता, त्यांचं कौशल्य कौशल्य म्हणून मोजलंच गेलं नव्हतं.

यंत्र नको, असं माझं म्हणणं नाही. यंत्र येतं तेव्हा कोणाचं काम सुटतं, नवं काम शिकण्याची संधी कोणाला मिळते आणि वाचलेला पैसा कोणाकडे जातो, हे आपण आधी विचारलं पाहिजे. काम गेल्यावर विचारून फारसं हाती लागत नाही.

चित्रपटात संध्याकाळी एक कुत्रा भुंकतो, दुसरा ऐकून पुढे भुंकतो, आणि निरोप लंडनपासून दूरच्या खेड्यात पोचतो. पिल्लं सापडतात ती त्यामुळे. आपल्या गटांनीही एवढं करावं. आपल्या भागात बायकांचं कोणतं काम यंत्राकडे चाललंय, याची नोंद पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आणावी. ती शेजारच्या गटाला कळवावी, आणि त्या नोंदीत काम करणाऱ्या बाईचं कौशल्य स्पष्ट शब्दांत लिहावं.