जवारी आणि गिटार

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. तेथील काडु मल्लेश्वराच्या देवळाला व्यंकोजीराजांनी दिलेल्या दानाची नोंद १६६९ सालच्या शिलालेखात सापडते. त्या देवळापासून थोड्याच अंतरावर आमचे बिऱ्हाड आहे. जन्मभर मी पदार्थविज्ञान शिकवले, आणि शेजारच्या घरांतून येणारे वीणेचे सूर ऐकत म्हातारा झालो. घरात मिरजेचा एक तानपुरा आहे. तो माझ्या आईचा. ती गेल्यानंतर त्याची जवारी उतरली, ती मी पुन्हा लावून घेतली नाही.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी माडीवरच्या खोलीत आपल्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण करण्याचे ठरवले. त्यांच्या गाण्याला पॉप-पंक म्हणतात. चाल सोपी व गोड, लय धावती, गाणे दोन-तीन मिनिटांत संपणारे; आणि या सर्वांच्या मागे गिटारींची एक खरखरीत भिंत उभी. पहिल्याच दिवशी ती भिंत माझ्या दुपारच्या झोपेवर कोसळली. मी वर जाऊन म्हणालो, "अरे, तुमचे ते यंत्र बिघडले आहे." पुतण्या म्हणाला, "नाही काका, ते असे वाजावे म्हणून तर आम्ही दोन दिवस खपलो." मला ते उद्धटपणाचे वाटले. "तुझ्या आजीच्या घरात हा गोंगाट चालायचा नाही," असे मी बोलून गेलो. पोरगा गप्प राहिला आणि वायरी गुंडाळू लागला.

त्या रात्री मला आठवण झाली ती सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची. त्यांचे 'पंचवटी' हे घर याच मल्लेश्वरम् भागात आहे. प्रकाशावरील संशोधनासाठी १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधी, १९२१ साली, त्यांनी तानपुरा व वीणा यांवर एक निबंध लिहिला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. तार ज्या जागी छेडावी त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो, तो उपस्वर मुका राहावा, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम. रामन यांनी दाखवून दिले की आपली वाद्ये हा नियम जुमानत नाहीत. त्यांची घोडी रुंद व किंचित बाकदार असते. कंप पावणारी तार तिच्या पाठीला पुनःपुन्हा घासते, आणि मुके राहायला हवेत असे उपस्वरही बोलू लागतात. तानपुऱ्यात घोडीवरचा बारीक दोरा त्यास मदत करतो. हीच आपली जवारी. काटेकोर भाषेत बोलायचे तर तो तारेच्या शुद्ध कंपनात आणलेला बिघाडच आहे. पण त्या बिघाडातूनच कोणी न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी मी माडीवर गेलो आणि मुलांना म्हणालो, "मला हे समजावून सांगा." गिटारीच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते. एकेरी वेटोळे घरातल्या विजेची घरघरही उचलते; म्हणून गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन उलट वेटोळ्यांची जोडी योजली, जिच्यात ती घरघर परस्पर विरून जाते. पुढे ही वीज अँप्लिफायरमध्ये जाते. जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह चांगल्या अँप्लिफायरमध्ये आजही असतात. लाट त्यांच्या आवाक्याबाहेर वाढली की तिचे माथे छाटले जातात. लाटेला अशा कडा आल्या की मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे स्वरही उमटतात. आणि पाचपटीचा स्वर म्हणजे आपला गंधारच. यंत्रज्ञ या प्रकाराला विकृती म्हणतात. पण कोमल-तीव्र स्वरांना आपणही विकृत म्हणतो. त्यात निंदा कोठे असते?

मग मी विचारले, "तुम्ही वाजवता कोणते स्वर?" त्यांचे उत्तर ऐकून मी खाली बसलो. बहुतेक वेळ ते षड्ज आणि पंचम एवढेच वाजवतात! त्यांच्या कंपनांचे प्रमाण दोनास तीन. छाटणीतून या दोहोंच्या वजाबाकीचाही स्वर निघतो. तिनातून दोन गेले, एक उरला. म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. तोही कोणी छेडलेला नसतो. याउलट गिटारीच्या पडद्यावरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा चढा असतो. तो बोटाने वाजवला तर या गर्दीत कर्कश ठोके पडतात. म्हणून हे लोक तो टाळतात.

या पंथाची गाजलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे ग्रीन डे या अमेरिकन मंडळींची १९९४ सालची 'डुकी'. अमेरिकेत तिच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. तिच्यातील वादकाची गिटार फर्नांडिस या जपानी बनावटीची, आईने लहानपणी घेऊन दिलेली निळी गिटार होती. अँप्लिफायर होता फेरफार केलेला मार्शल.

ध्वनिमुद्रणाची त्यांची रीतही मी पाहिली. मायक्रोफोन स्पीकरच्या अगदी जवळ. तो मध्यावर धरला तर आवाज धारदार, कडेला सरकवला तर मऊ. एकच तुकडा दोनदा वाजवायचा, एक डाव्या कानासाठी आणि एक उजव्या. दर वेळी आधी तारा जुळवायच्या. आणि सर्वांत मोठी शिकवण अशी की खरखर रंगमंचावर असते त्याहून कमी ठेवायची. थर वाढले की ती आपोआप दाटते, आणि तिच्याखाली गाणाऱ्याचे शब्द बुडतात. हा संयम मला त्या भिंतीपलीकडून ऐकू आला नव्हता.

गेल्या महिन्यात तानपुरा घेऊन आम्ही दोघे मिरजेला गेलो. तेथील सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कारागिराने घोडी हलक्या हाताने घासली, दोरा केसभर सरकवला, तार छेडली आणि विचारले, "जवारी खुली ठेवू की बंद?" मी पुतण्याकडे पाहिले. तो डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "थोडी बंदच ठेवा. गाणारा वर ऐकू आला पाहिजे."