पाचूची पारख
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी मला "दागिन्यांवर काहीतरी बोला" असे सांगितले. हा विषय बायकांना आवडतो, असा त्यामागे हिशेब असावा, आणि तो काही चुकीचा नाही! पण सोन्याविषयी तुम्हांला नव्याने सांगण्यासारखे माझ्याजवळ काय असणार? तोळा, भाव, घडणावळ, तूट हे सारे इथे प्रत्येकीला तोंडपाठ आहे. खड्याची गोष्ट मात्र निराळी. सोने आपण तोलून घेतो आणि खडा विश्वासावर घेतो. म्हणून आज एकाच खड्याविषयी बोलते, पाचूविषयी. माझे माहेर सराफाचे. लहानपणी दुकानात बसून जे पाहिले आणि पुढे हौसेने जे वाचले, तेवढीच माझी शिदोरी.

पाचू आपल्याला परका नाही. कोल्हापुरी साजात लालाच्या जोडीला पाचूचे पान असते. तन्मण्याच्या खोडात, चिंचपेटीत, नवरत्नांच्या अंगठीत तो असतो. पण त्याची किंमत किती, असे कोणी विचारले की आपण गप्प बसतो, किंवा "पूर्वीचा आहे, म्हणजे खराच असणार" असे म्हणून मोकळ्या होतो.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्हां सर्वांना आठवतो. पाणी ओसरल्यावर घर पुन्हा उभे करायला पैसा हवा होता आणि पुष्कळ घरांतले डबे तेव्हा उघडले गेले. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी सासूबाईंचा तन्मणी तारण ठेवायला नेला. खोडात पाच हिरवे खडे. घरात त्या खड्यांची मोठी ख्याती. मुलींच्या वाटणीच्या वेळी याच तन्मण्यापायी थोडी कुरबुरही झालेली. मूल्यमापकाने मोती आणि खडे वजा केले, नुसत्या सोन्याचे वजन धरले आणि कर्जाचा आकडा सांगितला. बाई रडवेल्या होऊन घरी आल्या. "म्हणजे आमचे पाचू खोटे?" हाच त्यांचा प्रश्न.

तसे नव्हे. सोनेतारण कर्जात फक्त सोन्याचे मोल धरतात, हा नियमच आहे. खडा कितीही अस्सल असो, त्याबद्दल रुपया मिळत नाही. तेव्हा त्या कागदावरून खडे खोटे ठरत नाहीत, आणि खरेही ठरत नाहीत. हॉलमार्कचेही तेच. तो सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याविषयी अवाक्षर काढत नाही. दुकानात "हॉलमार्कचा दागिना आहे" असे ऐकून आपण खड्यासकट सगळ्यावर विश्वास टाकतो, ते बरोबर नाही.

पुढे त्या खोडाची कोंदणे जाणत्या कारागिराकडून उघडवून घेतली. पाचांपैकी तीन काचेचे निघाले, दोन पाचूचे. यात कोणी फसवलेच असेल असे नाही. पूर्वी खडा बंद कोंदणात बसवीत आणि त्याच्या मागे चकचकीत पत्रा घालीत. त्या पत्र्याने फिका खडा गर्द दिसे आणि काचही झळके. शिवाय एखादा खडा पडला की जवळपासच्या रंगाचा दुसरा बसवून घेण्याची रीत होती. तेव्हा बंद कोंदणातल्या खड्याची किंमत वरून कोणी सांगू लागला, तर त्याला नमस्कार करून उठावे. पाठीमागून उजेड येऊ शकतो तोच खडा पारखता येतो.

आता पारखायचे कसे? पहिला रंग. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मरकताला पोपटाची आणि बांबूच्या पानाची उपमा दिली आहे. आपल्या शिवारात हिरव्या रंगाला तोटा नाही, म्हणून माझ्या भाषेत सांगते. रंग मुगाच्या सालासारखा मळकट नको आणि बाभळीच्या दाट पाल्यासारखा काळवंडलेलाही नको. पावसानंतरच्या कोवळ्या उसाच्या पानासारखा जिवंत हवा. किंचित निळसर झाक असली तरी चालते. फारच फिका असेल तर जाणकार त्याला पाचू म्हणतच नाहीत, नुसता हिरवा बेरिल म्हणतात. खनिज तेच, पण ज्या क्रोमियम आणि व्हॅनेडियममुळे पाचूला त्याचा रंग येतो त्यांचा अंश पुरेसा नाही. रंग दुकानातल्या दिव्याखाली पाहू नका. दाराशी, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. खडा हलवताना मधोमध खिडकीसारखी फिकी जागा दिसली आणि तिच्यातून खालचे बोट दिसू लागले, तर तो पातळ घडवला आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट आतल्या रेषांची. हिऱ्यात डाग म्हणजे दोष, पण पाचूत रेषा, तडे, ढगासारख्या छटा असणारच. फ्रेंच लोक त्याला 'पाचूतली बाग' म्हणतात. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले आणि मोठा खडा अगदी नितळ दिसला, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. गोल बुडबुडे दिसले, पाकातल्या तारेसारखी वळणे दिसली, पैलूंच्या कडा झिजलेल्या दिसल्या, तर बहुधा काच. पण भिंगाचा आधार इथपर्यंतच. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत चॅथम नावाच्या गृहस्थाने प्रयोगशाळेत पाचू वाढवला आणि आज तसा माल भरपूर येतो. तो काच नव्हे. रासायनिकदृष्ट्या तो पाचूच आहे, फक्त जमिनीतला नाही, आणि त्याची किंमत नैसर्गिक पाचूच्या अल्पशा अंशाइतकी. हा भेद घरी बसून कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी.

आणि आता तेलाची गोष्ट. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच, आणि दुकानात हीच कोणी आपणहून सांगत नाही. पाचूच्या बारीक तड्यांत तेल मुरवण्याची रीत फार जुनी आहे. तेल भरले की तडा डोळ्यांना दिसेनासा होतो. सीडारचे तेल वापरतात, अलीकडे राळेसारखी कृत्रिम द्रव्येही वापरतात. बाजारातल्या बहुतेक पाचूंत असे काहीतरी असतेच, म्हणून नुसत्या तेलाने खडा टाकाऊ होत नाही. प्रश्न किती, हा आहे. अजिबात नाही, थोडे, मध्यम की फार, हे चांगल्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात लिहिलेले असते. एकाच रंगाच्या, एकाच वजनाच्या दोन खड्यांत, केवळ या एका शब्दामुळे, किमतीचा फरक कित्येक पटींचा पडतो. प्रमाणपत्र हाती आले की आपण वजन आणि रंग वाचून ठेवून देतो. ती ओळ आधी वाचा! जयपूरला आणि मुंबईला अशा तपासणीच्या नावाजलेल्या प्रयोगशाळा आहेत. दुकानदाराने स्वतःच्या छापील कार्डावर लिहून दिलेले ते प्रमाणपत्र नव्हे.

या तेलामुळेच आपल्या घरातली एक चाल बदलायला हवी. दागिने रिठ्याच्या कढत पाण्यात घालून घासायची आपल्याला सवय आहे. सोन्याला ते मानवते. पाचूला नाही. तेल निघून जाते आणि कालपर्यंत न दिसलेले तडे दिसू लागतात. मग सोनाराने खडा बदलला म्हणून भांडण! पाचू कोमट पाण्यात मऊ कापड भिजवून पुसावा, बस्स. दुकानातले थरथरणारे यंत्र आणि वाफही नको. डाग लावायचा असेल तर खडा आधी काढून घ्यायला सांगा.

वजनाविषयी थोडक्यात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्तीने घेऊ नका, कारण रत्ती दोन प्रकारची चालते, एक सुमारे १२१ मिलिग्रॅमची आणि दुसरी सुमारे १८० ची. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन आणि खड्यांचे वजन निरनिराळे लिहून मागा, नाहीतर खडा सोन्याच्या भावाने गळ्यात पडतो.

किमतीचा ठरलेला भाव पाचूला नाही. कॅरटला दोन-चार हजारांपासून काही लाखांपर्यंत तो जातो. चार कॅरटचा एक चांगला खडा एकेक कॅरटच्या चार खड्यांपेक्षा पुष्कळच महाग. कोलंबियाचा असला तर मान अधिक. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिकडचे पाचू आपल्या शेजारच्या गोव्यातूनही मोगलांकडे गेले. आज झांबियाचा मालही पुष्कळ येतो आणि चांगला येतो. राजस्थानातही १९४३ मध्ये पाचू सापडला. परंतु नुसते देशाचे नाव ऐकून जास्त पैसे मोजू नयेत. कोलंबियातही वाईट खडे निघतातच.

बुधासाठी पाचू घालावा की नाही, हे मी सांगणार नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण त्यासाठी पाटल्या मोडायला निघालेली बाई मी पाहिली आहे. तिला एवढेच सांगितले, की पाटल्या पुन्हा विकल्यास सोन्याचा भाव येईल. खडा परत विकायला गेलीस तर घेतलेल्या किमतीच्या निम्मेही येतील याचा भरवसा नाही. तिने काय केले ते मी विचारले नाही.

तन्मण्याच्या त्या बाईंनी मात्र दोन खरे पाचू प्रयोगशाळेत पाठवले. आले ते "मध्यम तेल" असे लिहून, आणि किंमत घरात समजत होते त्याच्या पुष्कळ खाली. तरी वाटणीचा कागद आता खऱ्या आकड्यांवर झाला आणि दोघी बहिणींनी त्यावर सह्या केल्या. काचेचे तीन खडे बाईंनी खोडात परत बसवून घेतले. म्हणाल्या, सासूबाईंनी तसाच घातला होता.

माझे भिंग मी आणले आहे. कार्यक्रमानंतर त्या टेबलावर दोन हिरवे खडे ठेवते, एक पाचू आणि एक काच. कोणता कोणता, ते चहाच्या आधी मला येऊन सांगा.