गुग्गुळाची बाटली आणि बाबांचा रिपोर्ट

आजचा भाग छोटा आहे, पण माझ्या घरातला आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून रोज रात्री स्टॅटिनची एक गोळी. मागच्या दिवाळीत घरी गेलो, तर गोळ्यांची पाकिटं न उघडलेली आणि शेजारी गुग्गुळाची बाटली.

"बाबा, हे काय?"

"अरे, हे जंगलातलं आहे. याला साइड इफेक्ट नाही. ती केमिकलं किती दिवस खायची?"

रक्त तपासलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७२ वरून १३८ वर गेलेलं!

मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. पण आकडे वाचता येतात, म्हणून वाचायला बसलो.

गुग्गुळ म्हणजे आपण धुपात घालतो तोच. कच्छ-राजस्थानच्या कोरड्या रानातल्या काटेरी झुडपाचा डिंक. सुश्रुतसंहितेत मेदाच्या विकारावर तो सांगितलाय. तोच धागा धरून १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले आणि कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यावर काम झालं आणि १९८०च्या दशकात गुग्गुलिपिड नावाने औषधही बाजारात आलं. म्हणजे बाबा अगदीच हवेत बोलत नव्हते.

पण २००३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतली एक चाचणी छापून आली. १०३ माणसं, आठ आठवडे. काहींना गुग्गुळ, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. आपल्याला काय मिळतंय हे कुणालाच माहीत नाही. निकाल? गुग्गुळवाल्यांचं एलडीएल चार-पाच टक्के वाढलं, बिनऔषधवाल्यांचं पाच टक्के कमी झालं. शिवाय गुग्गुळ घेणाऱ्या काहींच्या अंगावर पुरळ उठलं. म्हणजे साइड इफेक्टही आहेतच.

आणि 'जंगलातलं' म्हणाल, तर ते जंगलातूनच संपत चाललंय. जास्त डिंकासाठी खोल चिरा देतात, झुडूप वाळून जातं. आययूसीएनच्या यादीत ते आज 'अतिधोक्यात' आहे.

हे सगळं बाबांना सांगितलं. वाद घातला नाही, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले फक्त. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे."

आता गोळ्यांचं पाकीट देवघराच्या फळीवर असतं. संध्याकाळी धूप दाखवला, की रात्रीच्या गोळीची आठवण राहते.

तुमच्या घरीही अशी बाटली असेल, तर रागावू नका. आधी विचारा, चालू गोळी बंद तर केली नाही ना? आणि पुढच्या वेळी बाटली डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा.

हा भाग ऐकून झाला, की आज घरी एक फोन करा. भेटू पुढच्या भागात!