बिनपगारी शनिवार



शाळेतले सर फोनवर म्हणाले, ‘मॅडम, करिअरवर बोला.’ हो म्हटलं. पण झरीच्या स्टँडवर एसटीतून उतरले आणि पाठ केलेलं भाषण तिथंच राहिलं.

शाळेच्या याच पटांगणात आमचं गाईडचं पथक उभं राहायचं. शिबिराचं नाव काढताच वडील म्हणाले, ‘पोरगी रात्री बाहेर? जमायचं नाही.’ संध्याकाळी आमच्या गाईडच्या बाई घरी आल्या आणि ओसरीवर बसल्या. पुढ्यातला चहा गार झाला तरी उठल्या नाहीत. शेवटी वडीलच कंटाळून ‘जाऊ द्या’ म्हणाले. परत आल्यावर ऐटीत आजीपुढं डावा हात केला, कारण आम्ही स्काऊट-गाईड डाव्या हातानं हात मिळवतो. आजीनं पाठीत एक ठेवून दिली. सुरगाठ आणि निरगाठ मात्र मी तिच्याकडूनच शिकले होते, शिबिरात नुसती इंग्रजी नावं कळली.

बाईंना त्या संध्याकाळचा पगार नव्हता. लेकरांनो, मला एवढंच सांगायचंय. पोटासाठी काय वाटेल ते करा, पण आठवड्यातले दोन तास बिनपगारी काम धरा. मागं कुजबुजणाऱ्या दहावीच्या पोरांनो, तुम्हीसुद्धा.

स्काऊट-गाईड चळवळीची माहिती थोडक्यात सांगते. 1907 साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर वीस मुलांचं शिबिर घेतलं, तिथून स्काउटिंग सुरू झालं. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मुलांचा मेळावा होता. तिथं मुली न बोलावता येऊन उभ्या राहिल्या, म्हणून पुढच्या वर्षी गाईड निघालं. न बोलावता गेल्या, हे मुलींनी ध्यानात ठेवा. सरपंच ताई हसतायत, त्यांना कळलं!

आपल्याकडं लक्ष्मी मजुमदार 1964 ते 1983 भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या राष्ट्रीय आयुक्त होत्या. जागतिक स्काऊट समितीचा ब्राँझ वुल्फ हा सन्मान त्यांना 1969 साली मिळाला. एकोणीस वर्षं! आपल्याला एक शनिवार जड जातो.

पुण्यात ‘संगम’ नावाचं गाईडचं जागतिक केंद्र आहे. 1966 साली लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते ते उघडलं. तिथं एका जर्मन मुलीला मी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ समजावून सांगायला गेले. तिनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, ‘परभणी केवढी मोठी आहे?’ मी विषय बदलला. ती मुलगी स्वतःच्या खर्चानं आली होती आणि भांडी घासत होती, घरचे समजूतदार असावेत. आपल्याकडं ‘त्यातून मिळतं काय?’ हा प्रश्न आधी येतो. पुढच्या रांगेतले दादा, मान हलवू नका, तुम्हीही मघाशी मला हेच विचारलंत.

करिअरचं राहिलंच. माझं करिअर शिक्षिकेचं. ते निवृत्तीला संपलं. गाईड कॅप्टनचं चालू आहे.

चहाच्या वेळी सर म्हणाले, पथक आहे, पण शिकवायला बाई नाही. सर, येत्या शनिवारपासून मी येते, सकाळच्या एसटीनं. मानधन नको, दोर तेवढा आणून ठेवा. आणि समोर बसलेल्या माय-माऊल्यांपैकी दोघी मला मदतीला हव्यात. हात वर करा, मी खाली उतरून नावं लिहून घेते.