पुठ्ठ्यावरचं बेलपाडा



कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे, जरूर पाहा. माझी रेल्वे त्यापुढे अगदीच रद्दीची! पैसे गेले ते फक्त रुळांत आणि इंजिनात.

माप १:८७. म्हणजे साडेपाच फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर. घरादुकानांचे फोटो जाड कागदावर छापायचे, घडीवर बोथट सुरीने रेघ ओढायची, मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचं. कापलेली पांढरी कड रंगीत पेन्सिलीने घासायचीच, नाहीतर सोंग उघडं पडतं. डोंगर आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यासारखा, फक्त मातीऐवजी खळीत भिजवलेलं वर्तमानपत्र. वाळवलेला चहाचा चोथा ही माती, हिरवा रंगवलेला भुसा हे भात.

भात मुद्दाम पेरलाय. लोकल बेलापूरहून पनवेलला गेली १९९८ मध्ये. आज खारघरचे टॉवर आहेत तिथे आपल्या लहानपणी शेतं होती. फळीवर मी गाडी ठेवली आणि शेतंही ठेवली. परवा गावातले एक काका वाकून बघत म्हणाले, "आमचा बांध इथे नव्हता रे, ओढ्याच्या अलीकडे होता." लगेच सरकवला. आता बाकीचेही येतात, आपापला बांध दाखवायला. भांडणंही होतात.

शाळेमागच्या घरांचे जुने फोटो कुणाकडे असतील तर जेवणाच्या सुट्टीत मला द्या. छापून मूळ प्रत परत करीन.