सात इंचांची तूट



रेल्वेवर व्याख्यान म्हटल्यावर भाडेवाढ, गर्दी, नाही तर नवे मार्ग यांपैकी काही कानी पडेल अशी आपली अपेक्षा असणार. आमचा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे, अगदी वीतभर. दुकानातून तयार मिळणारे, टेबलावर धावणारे इंजिन अधिक रुंद रुळांवर कसे चढवावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत. चांगले चालणारे इंजिन मुळात उघडायचेच कशाला, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो रास्त आहे.

ही गरज विलायतेत उत्पन्न झाली. १९२० नंतरच्या दशकात न्युरेंबर्गच्या बिंग कारखान्याने टेबलावर मांडता येईल अशी छोटी रेल्वे तिथल्या बाजारात आणली. तिच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर. खऱ्या फुटाला साडेतीन मिलिमीटर असे प्रमाण धरले, तर हे अंतर विलायतेच्या ४ फूट ८½ इंची रुळांशी नेमके जुळते. युरोप-अमेरिकेने पुढे तेच प्रमाण ठेवले. पण विलायतेचे बोगदे आणि पूल जुने व अरुंद. म्हणून तिथली इंजिनेही अंगाने बारीक. साडेतीनच्या प्रमाणातल्या त्या बारीक अंगात त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा तोड अशी निघाली की, इंजिन फुटाला चार मिलिमीटर या मोठ्या प्रमाणात करायचे आणि रूळ होते तेच ठेवायचे. १९३८ साली आलेल्या हॉर्नबी-डब्लोने ही तडजोड घरोघर पोचवली आणि ‘डबल ओ’ या नावाने ती आजही चालू आहे. सदरा मोठा शिवला, विजार जुनीच राहिली!

चारच्या प्रमाणात खरे अंतर १८.८३ मिलिमीटर हवे. १६.५ म्हणजे खऱ्या मापाने ४ फूट १½ इंच. तूट बरोबर सात इंचांची. बाजूने पाहताना ती कळत नाही, पण समोरून पाहिले की इंजिनाने पाय पोटाशी ओढून घेतल्यासारखे दिसते.

ज्यांना हे खटकले त्यांच्यात दोन पंथ झाले. एक ‘ई. एम.’वाल्यांचा. नावाप्रमाणे आधी १८ आणि मग १८.२ मिलिमीटरवर ते थांबले. त्यांची संस्था १९५५ सालची. दुसरा ‘पी-फोर’चा, १९६० नंतरच्या दशकातला; त्याला १८.८३ पेक्षा कमी काही चालत नाही. आमचा कल पहिल्या पंथाकडे आहे, कारण मोबदल्याच्या मानाने त्यात कष्ट माफक आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एका आसावरच्या दोन चाकांच्या पाठींमधले अंतर डबल ओ मध्ये सुमारे १४.५ मिलिमीटर असते, ई. एम. मध्ये ते १६.५ करायचे. म्हणजे प्रत्येक चाक एकेक मिलिमीटर बाहेर. डिझेल इंजिनात हे काम बहुधा सोपे जाते. जुने आस काढावेत, मधले दातेरी चाक नव्या लांब आसावर बसवावे, आणि वीज घेणाऱ्या पितळी पट्ट्या चाकापर्यंत पोचतील इतक्या वाकवाव्यात.

वाफेच्या इंजिनाची गोष्ट निराळी. तिथे एक मिलिमीटर हलला की त्याच्यामागे सगळे गणगोत हलते. चाक बाहेर आले की वरच्या चाकझाकणीला घासते. ती आतून कानशीने पातळ करावी लागते. ब्रेकचे ठोकळे चाकासमोरून आत राहतात. सांगाडा आणि चाक यांत पोकळी पडून चाके डावी-उजवीकडे सरकू लागतात, म्हणून आसावर वायसर घालावे लागतात; मात्र मधल्या आसाला थोडी सैल जागा ठेवावी, नाही तर इंजिन वळणावर अडेल. सिलिंडर बाहेर असतील तर पुढच्या चाकाची क्रँकपिन पिस्टनच्या दांड्यामागून जेमतेम निसटते; तिथले टोपण शक्य तितके चपटे करावे. म्हणून पहिला प्रयोग सिलिंडर आत असलेल्या सहाचाकी इंजिनावर करावा.

खरी परीक्षा चाके पुन्हा आसावर दाबताना होते. खऱ्या इंजिनात एका बाजूची क्रँक दुसरीपेक्षा पाव फेरा पुढे असते, कारण एका बाजूचा पिस्टन टोकाला अडकला तरी दुसरा जोर लावू शकतो. आपल्या इंजिनात जोर मोटरचा. तरी तीनही आसांचा कोन एकसारखाच हवा, नाही तर जोडदांडे अडकून चाके लंगडतात. गंमत अशी की, कोन नेमका नव्वद अंशांचा नसला तरी चालते, पण तिन्हींचा सारखा नसला तर मुळीच चालत नाही. म्हणून साचा वापरावा, डोळ्यावर भिस्त ठेवू नये.

पी-फोर मध्ये चाकाच्या आतली कडा इतकी उथळ असते की, रूळ किंचित वरखाली असले तरी चाक उतरते. त्यामुळे चाकांना स्प्रिंग किंवा डोलती दांडी द्यावी लागते, आणि वळणांची त्रिज्याही तीन फुटांच्या आसपास ठेवावी लागते. मुंबईच्या खोलीत हे कोणाला परवडेल!

हा केवळ विलायतेचा हट्ट आहे असे कोणी समजू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली ती ५ फूट ६ इंची रुळांवरून. आपल्या इंजिनांच्या प्रतिकृती मात्र बहुधा साडेतीनच्या प्रमाणात आणि १६.५ च्याच रुळांवर असतात, हवे १९.२५. म्हणजे इंग्रजांची तूट सात इंचांची, तर आपली साडेनऊ इंचांची! आयर्लंडचे रूळ ५ फूट ३ इंची. तिथल्या हौशी मंडळींपैकी काहींनी चारच्या प्रमाणात २१ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालून हा प्रश्न सोडवला आहे. आपल्याकडे ज्याला हे करायचे असेल त्याने आधी हातभर रूळ आणि एक मालडबा तयार करावा. मालडब्याला मोटर नसते, जोडदांडे नसतात. तो नीट धावला, मग डिझेल इंजिन घ्यावे.

दोन मापांचे आस, एक साचा आणि कानस फिरवलेली एक चाकझाकणी येथे टेबलावर ठेवली आहे. ज्यांना हाताळून पाहायची असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर पुढे यावे.