शेवळं आली का?

जूनमध्ये पहिले दोन-चार पाऊस झाले की कांदिवली स्टेशनबाहेर काही मावश्या गोणपाट पसरून बसतात. कुणी डहाणू-पालघरकडून पहाटेची गाडी धरून येतात, कुणी नॅशनल पार्कलगतच्या पाड्यांवरून. घरातलं कुणी रानात खुडतं, कुणी जुड्या बांधतं, कुणी विकायला बसतं. टाकळा, कुरडू, फोडशी, पुढे कर्टोली. आणि सगळ्यात आधी शेवळं.

शेवळं म्हणजे सुरणाच्या जातीतल्या रानटी कंदाचा फुलोरा. जांभळट-तपकिरी, टोकदार. जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. पण नीट नाही केली तर घसा असा खाजतो ना, की विचारू नका! त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडांचा आंबट रस घालायचा. काकडं म्हणजे छोटी हिरवी रानफळं. मावशी जुडीसोबत ती देतात, वर कृतीही सांगतात. अ‍ॅपवरच्या पाकिटावर हे लिहिलेलं मी तरी अजून पाहिलं नाही. सीकेपी घरांत यात कोलंबी किंवा खिमा पडतो, मला तरी कोलंबीवालीच आवडते.

एक मात्र करा, घासाघीस नको. संध्याकाळपर्यंत उरलेली जुडी मलूल होते, ती कुणी घेत नाही आणि परतीचं भाडं त्यातूनच निघायचं असतं.

रविवारी सकाळी लवकर जा, सुट्टे पैसे न्या. आणि काकडं दिसली नाहीत, तर आठवणीने मागून घ्या.